जहाजाच्या आदल्या दिवशी

मागच्या अंकात केबिन कशी निवडावी यावर लिहिलं होतं. वाटलं होतं, आता पत्रं येतील ती बाल्कनीची, जेवणाच्या वेळांची, फार तर जहाज लागतं त्यावरच्या गोळ्यांची. आली ती सगळी जमिनीवरची. विमान कुठलं घ्यायचं, आदल्या रात्री राहायचं कुठे, बंदरावर न्यायला कोण येणार. मला त्याचा आनंदच झाला. जहाजाच्या रिसेप्शन काउंटरमागे नोकरी केली तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे: क्रूझ बिघडते ती समुद्रात क्वचितच, बहुतेक वेळा विमानतळ आणि बंदर यांच्या मधल्या रस्त्यावर. जागेअभावी पत्रं थोडक्यात देते आहे.

ताई, आमचं जहाज रोमहून रविवारी संध्याकाळी ५ वाजता सुटतं. पुतण्याने त्याच दिवशी सकाळी साडेदहाला रोमला उतरणारं स्वस्त तिकीट शोधलं आहे. मध्ये एकदा विमान बदलायचं आहे. तो म्हणतो, साडेसहा तास हातात आहेत, आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचे पैसे कशाला घालवता? मला मात्र धाकधूक वाटते. (निवृत्त शिक्षक)

काका, पुतण्या हिशोब पुढून मांडतो आहे. आपण तो मागून मांडू.

५ ही जहाज सुटण्याची वेळ. तिच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही. तुमची वेळ म्हणजे चेक-इन बंद होण्याची, आणि ती बहुतेक कंपन्यांत सुटण्याच्या तास-दीड तास आधीची असते. प्रवाशांची अंतिम यादी सरकारी यंत्रणेकडे जावी लागते, म्हणून काउंटरवरची मुलगी कितीही मायाळू असली तरी तिच्या हातात काही उरत नाही. अमेरिकेतल्या बंदरांत तर ही यादी जहाज सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी पोचलीच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा तुम्ही साडेतीन धरून चाला.

आता दुसरी गोष्ट. तिकिटावर रोम लिहिलेलं असलं तरी जहाज रोममध्ये नसतं. ते उभं असतं चिविताव्हेक्किया नावाच्या गावात, शहरापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून लोकल ट्रेनने जायचं तर त्रास्तेव्हेरे स्टेशनवर उतरून दुसरी गाडी पकडावी लागते. चिविताव्हेक्कियाला उतरल्यावर बंदरापर्यंत बस आणि तिथून जहाजापर्यंत शटल. गाड्यांची वेळ जुळली तरी यात दोन तास सहज जातात. टॅक्सीने तासाभरात होतं, पण मग स्वस्त तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच ओतले म्हणायचे.

आणि साडेदहाला विमान उतरणं म्हणजे तुम्ही साडेदहाला विमानतळाबाहेर असणं नव्हे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या) सीमेवर युरोपबाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. रांग, मग पट्ट्यावरची बॅग, मग स्टेशन. सव्वाबारा वाजले तर नशीबवान समजा. तिथून दोन-सव्वादोन तास. म्हणजे सगळं घड्याळासारखं चाललं तरी साडेसहा तासांतला तुमचा स्वतःचा मोकळा वेळ जेमतेम एक तास आहे. पहिलं विमान दीड तास उशिरा आलं की पुढचं सुटलं, आणि त्या दिवशी नंतरचं विमान संध्याकाळचं असेल तर तुम्ही रोमला पोचाल तेव्हा जहाजावर जेवणाची पहिली पंगत उठलेली असेल.

जहाज चुकलं तर पुढच्या बंदरावर गाठता येतं असं लोक ऐकून असतात. कधी कधी येतं. पण तिथवरचं विमान, ट्रेन, रात्रीचा मुक्काम सगळं स्वतःच्या खिशातून, आणि जहाजावरचे बुडालेले दिवस परत मिळत नाहीत. विम्यात प्रवास चुकल्याचं कलम असतं; मात्र दोन विमानांत किंवा विमान आणि जहाज यांत किमान अमुक इतकं अंतर ठेवलेलं असावं, अशी अट त्यात पुष्कळदा असते. ते कलम पुतण्याला मोठ्याने वाचायला लावा. हॉटेलच्या खर्चावरचं त्याचं मत बदलेल.

तेव्हा शनिवारी पोचा. वेळेचा फरक मोठा असेल किंवा हिवाळ्यात बर्फाच्या विमानतळावर विमान बदलायचं असेल, तर शुक्रवारी. हॉटेल चिविताव्हेक्कियालाच हवं असं नाही. रोमहून तिकडे जाणारी लोकल तेर्मिनी, ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो या स्टेशनांवर थांबते. यांपैकी कुठल्याही स्टेशनपासून बॅग ओढत दहा मिनिटांत पोचता येईल असं हॉटेल घ्या. व्हॅटिकन पाहायचं असेल तर सान पिएत्रो उत्तम.

जहाज व्हेनिसहून म्हणून आम्ही सान मार्को चौकाजवळ दोन रात्रींचं हॉटेल घेतलं, पैसे भरून, परत न मिळणाऱ्या दरात. आता कागदपत्रं आली तर त्यात व्हेनिसपुढे 'राव्हेना' असं लिहिलं आहे. हे टर्मिनलचं नाव आहे का? (लग्नाचा २५ वा वाढदिवस साजरा करणारी)

नाही हो. ते वेगळं शहर आहे, रस्त्याने दीडशेच्या आसपास किलोमीटर दूर.

१ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. त्याआधी जहाजं सान मार्कोच्या अगदी समोरून जायची आणि प्रवासी डेकवर उभे राहून फोटो काढायचे. आता मोठी जहाजं मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेनाला लागतात, पण माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत व्हेनिसच छापलेलं असतं. मला हे पटत नाही. कायद्याने गैर नसेल, पण दोन रात्रींचे पैसे भरून बसलेल्या माणसाला ते छोट्या अक्षरांत कळावं, हे बरं नाही.

हॉटेल मात्र मोडू नका. तुम्ही आदल्या दिवसांची सोय केलीच आहे, ती व्हेनिसमध्ये मजेत घालवा. निघायच्या दिवसासाठी क्रूझ कंपनीची व्हेनिस ते राव्हेना बस आहे का विचारा. बहुतेक असते, आणि या एका ठिकाणी मी ती डोळे मिटून घ्यायला सांगेन. ट्रेनने जायचं तर बोलोन्या किंवा फेर्रारा येथे गाडी बदलावी लागते, साधारण तीन तास जातात, आणि राव्हेना स्टेशनवर उतरलात तरी जहाज तिथे नसतं. ते पोर्तो कोर्सिनीला, आणखी दहा-बारा किलोमीटर समुद्राकडे. दोन सुटकेस, पूल चढून-उतरून व्हेनिसचं स्टेशन, वर दोन गाड्या. पंचविसाव्या वाढदिवसाला भांडायला एवढं निमित्त पुरतं.

कंपनीची बस व्हेनिसमध्ये नक्की कुठून सुटते ते लेखी घ्या. विमानतळावरून की शहराच्या टोकाला प्याझ्झाले रोमाहून, यावर तुमची सकाळ ठरेल. परतीच्या दिवशी जहाज राव्हेनालाच येणार असेल तर परतीचं विमान बोलोन्याहून मिळतं का, तेही बघून ठेवा. ते व्हेनिसच्या विमानतळापेक्षा सोपं पडतं.

आमचं विमान १४ तारखेला रात्री साडेअकराला निघतं. हॉटेल कुठल्या तारखेचं घ्यायचं? नवरा म्हणतो १४. (घाईत)

निघता १४ ला, पण उतरता कधी ते बघा. १५ ला सकाळी सहाला उतरत असाल तर १५ चं हॉटेल घ्या, आणि खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळणार नाही हे धरून चाला. अंघोळ करून आडवं व्हायचंच असेल तर १४ ची रात्रही भरा आणि हॉटेलला कळवा की पोचायला सकाळ होईल. नाहीतर तुम्ही आला नाहीत असं समजून ते बुकिंग रद्द करतात. उतरायची वेळ मध्यरात्रीनंतर, म्हणजे १५ ला रात्री पाऊण-एक असेल, तर हॉटेलच्या हिशोबात ती १४ ची रात्र असते. यात चुकणारी जोडपी मी इतकी पाहिली आहेत की तुमच्या यजमानांना मी दोष देणार नाही.

सिंगापूरहून क्रूझ आहे. आम्ही पाचजण: मी, हे, दोन मुलं (मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच) आणि सासूबाई, ज्यांना व्हीलचेअर लागते. क्रूझ कंपनीची ट्रान्सफर माणशी पैसे घेते आणि महाग वाटते. दीर म्हणतात तिथे टॅक्सी सहज मिळते. काय करू? (सूनबाई)

दिरांचं खरं आहे. आधी एक गोष्ट मात्र तपासा. सिंगापूरमध्ये क्रूझ टर्मिनल दोन आहेत. एक हार्बरफ्रंटला, जुनं. दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ मध्ये सुरू झालेलं, मरीना साउथ पिअर मेट्रो स्टेशनजवळ. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' म्हणालात तर तो त्याला वाटेल तिकडे नेईल. कागदावर टर्मिनलचं नाव आणि जहाजाचं नाव दोन्ही लिहून ठेवा. ही सवय सगळीकडे उपयोगी पडते. साउदॅम्प्टनला पाच टर्मिनल आहेत, आणि मायामीच्या बंदरात तर अक्षरांची रांगच आहे. टर्मिनल शेवटच्या आठवड्यात बदलूही शकतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघा.

कंपनीची बस आणि टॅक्सी यांचा माझा हिशोब माणसं मोजून होतो. एकटा प्रवासी किंवा जोडपं असेल, बंदर लांब असेल, भाषा अनोळखी असेल, तर कंपनीची बस. ती महाग असते, सगळे गोळा होईपर्यंत सुटत नाही, पण रस्त्यात अडकली तर जहाजाला कळतं की आपले चाळीस प्रवासी मागे आहेत. तुम्ही टॅक्सीत अडकलात तर ते फक्त टॅक्सीवाल्याला माहीत असतं. चार-पाचजण आणि बंदर जवळ, तर स्वतःची गाडी. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. चांगी विमानतळाहून दोन्ही टर्मिनल साधारण अर्ध्या तासावर.

पण साधी टॅक्सी चारजणांची, आणि तुमच्याकडे पाच माणसं, व्हीलचेअर आणि क्रूझच्या बॅगा. तिथे ज्याला मॅक्सी कॅब म्हणतात ती मोठी टॅक्सी आधीच ठरवा. सात सीटची गाडी म्हणजे सात माणसं आणि सात सुटकेस नव्हे. मागची सीट उभी केली की डिकी उरत नाही. ॲपवरची खासगी गाडी घेणार असाल तर मुलांची उंची मोजा: सिंगापूरच्या नियमाने १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य चाइल्ड सीट लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही.

सासूबाईंचं वेगळं लिहिते, कारण तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच आहे. व्हीलचेअरची सोय तीन ठिकाणी तीनदा सांगावी लागते. विमान कंपनीला, गाडीवाल्याला आणि क्रूझ कंपनीला. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळत नाही. टर्मिनलवर मिळणारी खुर्ची केबिनपर्यंत पोचवायला असते, पुढचे दिवस ठेवून घ्यायला नाही. त्यांना रोज लागत असेल तर आपली न्या, आणि घडी केलेल्या खुर्चीचं माप गाडीवाल्याला आधी द्या. कंपनीच्या बसचा विचार केलाच, तर त्या बसला पायऱ्या असतात आणि लिफ्टची बस खूप आधी मागावी लागते.

क्रूझ कंपनी विमानाचं तिकीटही देते आहे. आपण स्वतः काढलेलं बरं की त्यांचं? (हिशोबी)

कंपनीकडून घेतलंत आणि विमान उशिरा आलं, तर तुम्हाला जहाजापर्यंत किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची धडपड त्यांची. कंपनीने वेळापत्रक किंवा बंदर बदललं (तो हक्क त्यांच्या करारात असतोच) तर तिकीटही तेच बदलून देतात. स्वतः काढलेलं परत न मिळणारं तिकीट असेल तर ते ओझं तुमचं. याच्या बदल्यात तुम्ही काय सोडता? मार्ग निवडायचं स्वातंत्र्य. काही स्वस्त दरांत तर विमान नेमकं कुठलं हे उशिरा कळतं, आणि मग एखाद्या विमानतळावर सात तास बसायचं निघतं.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की कंपनीचं तिकीट असलं की जहाज थांबतं. बस भरून माणसं एकाच विमानात असतील तर कधीमधी थोडं थांबतही असेल, पण तुम्हा दोघांसाठी नाही. त्यामुळे कंपनीकडून घेतलं तरी आदल्या दिवशी पोचणारंच मागा. ते मिळतं, विचारावं लागतं.

स्वतः काढणार असाल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त पडतात खरी, पण मग पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आला नाहीत, तिकीट गेलं. मधल्या विमानतळावर बॅग उतरवून पुन्हा द्यावी लागते, आणि त्यासाठी त्या देशात शिरावं लागत असेल तर व्हिसाही. आणखी एक: क्रूझ दीड-दोन वर्षं आधी विकायला काढतात, विमानं साधारण अकरा महिने आधी. क्रूझ ठरवल्याच्या रात्री विमान शोधत बसू नका, ते अजून विकायला आलेलंच नसतं.

अलास्काची क्रूझ घेतली आहे, व्हँकुव्हरहून निघून व्हिटियरला संपते. परतीचं विमान अँकरेजहून त्याच दिवशी सकाळी ११ ला बघितलं आहे. जमेल ना? आणि जाताना त्याच सकाळी व्हँकुव्हरला पोचलो तर? वाटल्यास पुढच्या बंदरावर जहाज पकडू. (पक्षीनिरीक्षक)

दोन्हीला नाही. तुमचं पत्र मला आवडलं, कारण या मार्गावर भूगोल आणि कायदा दोन्ही आडवे येतात.

आधी परतीचं. व्हिटियर ते अँकरेज सुमारे १०० किलोमीटर. मध्ये डोंगरातून जाणारा चार किलोमीटरचा बोगदा आहे, आणि त्यात एकच मार्गिका. तिच्यातूनच मोटारी आणि तिच्यातूनच रेल्वे. मोटारींना आळीपाळीने सोडतात: व्हिटियरहून बाहेर पडायला दर तासाच्या ठोक्याला, आत यायला अर्ध्या तासाला. ९ ची वेळ चुकली की तुम्ही १० पर्यंत तिथेच. जहाजावरून उतरायला गटागटाने सोडतात. स्वतःची बॅग स्वतः ओढत पहिल्या गटात उतरलात तरी ११ चं विमान म्हणजे जुगार. दुपारी तीननंतरचं घ्या, किंवा रात्रीचं. अँकरेजहून रात्री उशिरा सुटणारी विमानं भरपूर असतात. मधल्या वेळात तुम्हाला पक्षी आहेतच. बोगदा ओलांडल्यावर वाटेत टर्नअगेन खाडीचा किनारा लागतो, पाणपक्ष्यांसाठी पॉटर मार्श आहे. गाडीवाला थांबणारा बघा.

आता जाण्याचं. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला प्रवासी एका अमेरिकी बंदरातून उचलून दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही. दूरच्या परदेशी बंदराला जाऊन आलं तर गोष्ट वेगळी. अलास्काला जाणारी मोठी जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. तुम्ही व्हँकुव्हरला चढलात तर प्रवास कॅनडातून सुरू झाला, काही अडचण नाही. पण व्हँकुव्हर चुकवून पुढे अलास्कातल्या केचिकनला किंवा जूनोला चढलात आणि व्हिटियरला उतरलात, तर दोन्ही टोकं अमेरिकेत. जहाज तुम्हाला घेणार नाही. भूमध्य समुद्रात जो धावतपळत गाठायचा मार्ग असतो, तो इथे बंद आहे. चुकलं म्हणजे पूर्ण क्रूझ गेली.

म्हणून निदान आदल्या दुपारी व्हँकुव्हरला पोचा. तिथलं गणित अगदी सोपं आहे. विमानतळावरून कॅनडा लाइनची ट्रेन घ्या, शेवटच्या वॉटरफ्रंट स्टेशनवर पंचवीस-तीस मिनिटांत उतरा, आणि कॅनडा प्लेस टर्मिनल चालत पाच-सात मिनिटांवर. त्या परिसरात हॉटेल घेतलंत तर सकाळी गाडी करायलाच नको. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी जहाजावर चढायच्या आधी कॅनडा प्लेसमध्येच होते. दोन-तीन जहाजं एकाच दिवशी असली की रांग लांब लागते, तेव्हा तुम्हाला दिलेली चेक-इनची वेळ पाळा. ज्यांना व्हिसा लागतो त्यांना कॅनडाचा आणि अमेरिकेचा, दोन्ही लागतील. तिकीट काढताना जाऊन-येऊन न शोधता बहुशहर पर्यायात शोधा, व्हँकुव्हरला उतरणारं आणि अँकरेजहून निघणारं, एकाच तिकिटावर.

अथेन्सहून ग्रीक बेटांची क्रूझ आहे, मध्ये एक दिवस तुर्कस्तानात कुशादासी. एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालेल? (पहिलटकर)

नाही. कुशादासीला गेलात की शेंगेनबाहेर पडलात, परत ग्रीसला आलात की दुसरा प्रवेश. निदान दोन प्रवेशांचा हवा. अर्जासोबत जहाजाचा बंदरवार कार्यक्रम जोडा, म्हणजे दोन का मागता ते अधिकाऱ्याला समजेल. तुर्कस्तानचा व्हिसा लागतो का, हे क्रूझ कंपनीकडून तुमच्या पासपोर्टच्या देशाचं नाव घालून लेखी विचारा. बाकी अथेन्स सोपं आहे: ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळाची मेट्रो थेट पिरेयसपर्यंत, म्हणजे अथेन्सच्या बंदरापर्यंत, जाते. मेट्रो स्टेशनपासून क्रूझ टर्मिनल मात्र बॅगा घेऊन चालायला लांब, तेवढ्यापुरती टॅक्सी करा.

टर्मिनलवर हमाल बॅग घेऊन जातात आणि ती थेट केबिनमध्ये येते, हे खरं आहे का? मग हातात काय ठेवायचं? (दोन नातवंडांची आजी)

खरं आहे, आजी. पण ती संध्याकाळपर्यंत येते, कधी जहाज सुटल्यावर. म्हणून बॅगेला केबिन नंबरचा टॅग हॉटेलमधूनच लावून निघा, आणि हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, नातवंडांचे पोहायचे कपडे, चार्जर ठेवा. आणि पासपोर्ट! दर फेरीला एक तरी कुटुंब पासपोर्ट सुटकेसमध्ये टाकून ती हमालाला देऊन मोकळं झालेलं असायचं. मग आम्ही खाली सामानाच्या डेकवर हजारो बॅगांत एक निळी सुटकेस शोधत फिरायचो. सगळ्या निळ्याच असतात. तुमच्या बॅगेला लाल रिबीन बांधा, पण पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात ठेवा, सगळ्यांचे, सुनेचाही.